टकल्या तुळशीचं लग्न

विदर्भातला एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर कोण, असा प्रश्न नागपूरच्या बेसा भागात आजवर कोणी विचारला नव्हता. तरी मुकुंद पांढरीपांडे यांनी त्याचं उत्तर व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलं होतं. त्यांच्या मते त्यांची नजर घारीची होती, स्मरणशक्ती हत्तीची होती आणि नाक तर असं होतं, की गुन्हा घडायच्या आधीच त्याचा वास यावा. विमा कंपनीतली कारकुनी हा त्यांचा छुपा वेश. तो त्यांनी इतका बेमालूम वठवला होता, की साहेबांनाही ते कारकूनच वाटत. यंदा दिवाळीनंतर मात्र हे नाक सर्दीने पार बंद पडलं, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्याकडे पहिलं प्रकरण चालून आलं.

प्रकरण तळमजल्यावरच्या यमुताईंचं होतं. दारातल्या वृंदावनातली त्यांची तुळस कोणीतरी रोज ओरबाडत होतं. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, साऱ्या इमारतीला आमंत्रण गेलेलं, ऊस सांगून ठेवलेला, आणि नवरीच्या अंगावर पाहावं तर नुसत्या काड्या. यमुताईंना लेक नव्हती. दरवर्षी त्या याच लग्नात मनापासून रडून घेत. "टकली पोरगी बोहल्यावर कशी उभी करू गा?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मुकुंदरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते सर्दीचंही असेल.

तपास सुरू झाला. सहायक म्हणून पत्नी वंदनाताईंची नेमणूक झाली, अर्थात त्यांना न विचारता. पहिला संशय बकरीवर गेला, पण फाटकाची कडी काढून आत येईल आणि जाताना परत लावून जाईल अशी बकरी त्या भागात कोणी पाळलेली नव्हती. मग एक धागा हाती लागला. शनिवारी पानं दुप्पट जात आणि रविवारी एकही जात नसे. मुकुंदरावांनी क्षणभर डोळे मिटले आणि चोर नोकरदार असल्याचं जाहीर केलं. शनिवारी काम उरकतो, रविवारी सुट्टी घेतो. म्हणजे हिंगण्याच्या कारखान्यात जाणारा दुसऱ्या मजल्यावरचा सौरव सापडल्यातच जमा होता. त्याची मोटारसायकल, डबा आणि मोजे तपासून झाल्यावर त्याने सांगितलं, की त्याची सुट्टी गुरुवारी असते.

उरली ती पाळत. भल्या पहाटे कानाला मफलर गुंडाळून मुकुंदराव यमुताईंचे यजमान नानाजी यांच्या गाडीमागे दबा धरून बसले. नागपूरची थंडी ती, शिंकांनी सगळं पार्किंग दणाणून गेलं. थोड्या वेळाने वंदनाताई हातात वाटी घेऊन खाली आल्या, तुम्ही वर जाऊन पडा म्हणाल्या, आणि मुकुंदराव पहारा त्यांच्यावर सोपवून वर गेले. तेवढ्यात पानं गेली. सहायकाचा अहवाल असा, की कोणीही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मुकुंदरावांची सर्दी चढत गेली तशी तुळस उतरत गेली, पण असल्या किरकोळ योगायोगाकडे बघायला त्यांना वेळ नव्हता. चोराला आपल्या हालचाली ठाऊक आहेत म्हणजे चोर आतला आहे, हे त्यांनी ताडलं. आतला म्हणजे नानाजीच. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले नानाजी एकदा बोलून गेले होते, की वृंदावनाच्या जागेत स्कूटर छान मावली असती.

लग्नाला दोन दिवस उरले असताना मुकुंदरावांनी सगळ्यांना यमुताईंच्या बैठकीत गोळा केलं. गुन्हेगार याच खोलीत आहे, असं त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं. तो आवाजही बसू लागला तेव्हा वंदनाताईंनी नेहमीसारखा वाफाळता पेला त्यांच्या हातात दिला. सौरवने हुंगून मान वर केली. नानाजींनी चष्मा पुसला. खोलीत वास न आलेला माणूस एकच होता आणि तोच बोलत होता.

"काय पिऊन राहिला गा तू?" यमुताईंनी विचारलं.

"आल्याचा चहा. तर नानाजी, शनिवारी पहाटे तुम्ही कुठे होता?"

"मुकुंदभाऊ," नानाजी शांतपणे म्हणाले, "तुमच्या चहात मंजिऱ्या तरंगून राहिल्या."

वंदनाताई जराही गडबडल्या नाहीत. गेल्या वर्षी ऐन मंगलाष्टकात मुकुंदरावांनी शिंकून अपशकुन केला होता आणि आंतरपाट पुन्हा धरावा लागला होता. म्हणून यंदा लग्नाआधी ह्याची सर्दी घालव, माझ्या तुळशीचा काढा दे, असं खुद्द यमुताईंनीच त्यांना बजावलं होतं. रविवारी तुळस तोडत नाहीत, म्हणून रविवारची पानं त्या शनिवारीच नेत, तीही नमस्कार करून.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मुकुंदरावांनी विचारलं.

"मी तं विचारून नेत होती. चोर न विचारता नेते. मी बी त्यालेच शोधून राहिली होती."

"चार पानं म्हटलं होतं वं मी," यमुताई कळवळून म्हणाल्या.

"चारच घेत होती काकू. दर शिंकेमागं."

गुन्हेगार याच खोलीत असल्याचं आपलं निदान अचूक ठरलं, हे मुकुंदरावांनी सर्वांच्या लक्षात आणून दिलं. सौरवने नर्सरीतून नवी तुळस आणायची तयारी दाखवली, तर यमुताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बसूनच गेला. ठरलेल्या लग्नात पोरगी बदलवते का कोणी, असं म्हणून त्या आत गेल्या आणि स्वतःच्या लग्नातला शालू घेऊन आल्या.

लग्नाच्या संध्याकाळी त्या काड्यांवर शालूचा पदर आला, मुंडावळ्या आल्या, आणि नवरी टकली आहे हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनीही ती छान दिसते म्हटलं. मुकुंदरावांची सर्दी होती तिथेच होती. यमुताईंनी त्यांना नवरीच्या सुरक्षेसाठी म्हणून लांब फाटकावर उभं केलं, आणि त्यांनीही ती जबाबदारी गंभीरपणे स्वीकारली. आंतरपाट धरला गेला, भटजींनी सूर लावला, आणि 'सावधान' म्हणायला आणि फाटकावरून शिंक यायला एकच गाठ पडली. भटजी थांबले. सगळे यमुताईंकडे बघू लागले.

यमुताईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी आपल्या लेकीकडे पाहिलं, काही ऐकलंच नाही अशा थाटात अक्षता टाकल्या आणि वंदनाताईंच्या कानाशी वाकल्या.

"उद्यापासून अडुळसा दे त्याले. अडुळशाचं लग्न लावा नाही लागत."