दुर्बिणीचं ऑपरेशन

लग्नाला महिना उरला असताना रजतच्या पोटात गाठ निघाली, हे एक वेळ त्याच्या आईनं, विमलताईंनी सोसलं असतं. पण ती मुलीकडच्यांना कळली तर लग्न मोडेल, या धास्तीनं त्यांचं जेवण सुटलं. कापसानं अशी दैना केली होती की त्या वर्षांत ढाणकीच्या आसपास शेतीवाल्या घरात मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. चपला झिजवून झिजवून शेवटी आर्णीच्या सदाशिवरावांनी आपली निकिता द्यायचं कबूल केलं होतं. आणि गाठ म्हटली की लोक थेट कॅन्सरपाशी जाऊन थांबतात, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी मात्र हसत सांगितलं, "गाठ साधी आहे. फक्त अशी लाखात एखाद्यालाच होते. दुर्बिणीनं काढू, पोटाला तीन बारीक भोकं पडतील, बस."

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्याआल्या ताईंनी नवऱ्याला बजावलं, "गाठ हा शब्द कोनाच्या तोंडून निंगाले नाई पाह्यजे."

"मंग कोनं विचारलं तं काय सांगाचं?" भगवानराव म्हणाले.

"सांगाचं, दुर्बिणीचं लहानसं ऑपरेशन झालं. खोटं थोडीच हाय ते?"

खोटं नव्हतंच. पण आपल्या खेड्यापाड्यांत दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे एकच, सरकारी शिबिरातलं, नस बांधून मुलं बंद करायचं. ते बायकांचं असतं, पुरुषांचं वेगळं असतं, हा तपशील शेजारच्या बिजलीबाईंना आडवा आला नाही. त्यांनी ताईंच्या तोंडून ऐकलं, नळावर सांगितलं, आणि आठवडी बाजाराच्या वाटेनं ती बातमी आर्णीला पोचली.

सदाशिवराव तडक आले. भगवानराव वावरात गेले होते, म्हणून ताईच समोर बसल्या. कापसाच्या भावावर बोलून झालं, पावसावर बोलून झालं, चहा पार निवून गेला. असली नाजूक गोष्ट विहीणबाईंना विचारायची कशी, हेच त्यांना सुचेना.

"इहीनबाई," शेवटी ते म्हणाले, "पोराचं ऑपरेशन झालं म्हंतेत."

ताईंनी ठरवलेलंच सांगितलं. "हो भाऊ. दुर्बिणीचं."

"म्हंजे खरंच हाय." त्यांनी दुपट्ट्यानं घाम पुसला. "पन काहून केलं? लग्नाच्या तोंडावर?"

"रजतच म्हने, लग्नाआधी उरकून टाकू. मांगून निकिताले कायले तरास."

"निकिताले तरास," सदाशिवराव पुटपुटले.

"आता भेव नाई भाऊ. डॉक्टरनं मुळासकट काढलं."

"मुळासकट?"

"जन्मात पुन्हा होनार नाई म्हने. गॅरंटी देल्ली."

सदाशिवराव उठून उभेच राहिले. "मंग नातवंडं कोठून आनाचे, इहीनबाई?"

ताई गोंधळल्या. गाठीचा आणि नातवंडांचा काही संबंध असतो आणि तो सांगायला डॉक्टर विसरले की काय, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून रजत पोट धरून बाहेर आला. हसलं की टाके दुखत होते आणि हसू काही आवरत नव्हतं. त्यानं सदरा वर केला. "पाहा मामाजी, भोकं पोटाले हायेत. तुमी म्हंता ते ऑपरेशन मानसाले इथं नाई करत."

सदाशिवरावांनी चष्मा सावरून तिन्ही भोकं नीट पाहून घेतली. "मंग कायचं केलं?"

आता लपवून उपयोग नव्हता. ताईंना रडू फुटलं. "गाठ होती भाऊ. साधीच, कॅन्सरची नाई. लाखात एखाद्याले होते म्हने. तुमाले लग्न मोडाचं असन तं मोडा."

सदाशिवराव धपकन खुर्चीत बसले. "नुसती गाठ?" त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला. "गाठच होती तं आधी सांगाचं ना. माह्या घरात बाया रडून राह्यल्या तिकडं."

लग्न ठरल्या तारखेला झालं. "जावई लाखात एक हाय, डॉक्टरनंच सांगतलं," असं सदाशिवराव मांडवात ज्याला त्याला ऐकवत होते. ताईंना इतकं हलकं वाटलं की त्या बँडपुढे दोन पावलं नाचल्याही.

पुढच्या वर्षी नातवाचं बारसं झालं. बिजलीबाई पाळण्यात डोकावल्या आणि ताईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "पाहा ताई, सरकारी ऑपरेशनाचं हे असंच असते. फेल गेलं."

ताईंचा संयम सुटला. सगळ्या बायकांच्या देखत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अवं बाई, ते तसलं ऑपरेशन नव्हतंच. गाठ होती, गाठ."

बिजलीबाईंनी समजूतदारपणे मान हलवली. "तेच तं म्हंतो मी. सुटली असन."