यहूदाचं स्टूल

पूर्णेच्या दत्तू पेंटरला मनानं तोंड काढता येत नाही. निदान तो तसं सांगतो. माणूस समोर हवा. ‘समोर बसा, मंग बोला,’ हे त्याचं पालुपद. समोर म्हणजे दुकानातल्या डुगडुगत्या स्टुलावर. गणपतीच्या मखरावर उंदीर काढायचा होता, तेव्हाही त्यानं पिंजऱ्यातला उंदीर स्टुलावर ठेवला होता.

तर रेल्वे कॉलनीतल्या लहानशा चर्चच्या पाळकांनी त्याला येशूचं शेवटचं भोजन काढायला सांगितलं. तेरा जण जेवायला बसलेत आणि त्यांच्यातलाच यहूदा येशूला दगा देणार आहे, ते चित्र. दत्तूनं टेबल रद्द करून प्लायवर सरळ पंगत बसवली आणि शिष्य गल्लीतून गोळा केले. न्हावी पेत्र झाला, चहावाला योहान. येशूसाठी सहनशील तोंड हवं, म्हणून स्टेशनच्या चौकशी खिडकीवरचा बाबू बसवला. मी कशातही शंका काढतो, तेव्हा शंकेखोर शिष्य थोमा मी. मिशांसकट. बायको बघून आली आणि ‘शोभतं’ एवढंच म्हणाली.

यहूदा व्हायला मात्र कुणी तयार होईना. तसा दत्तूलाही दुसरा कुणी नकोच होता. त्याला नामदेव हवा होता. दोघांचं वीस वर्षं एकत्र दुकान. दत्तूनं अक्षरं आखायची, नामदेवनं रंग भरायचा. मग एका सकाळी नामदेवनं, एका शब्दानं न सांगता, समोरच फ्लेक्सचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकं तिकडे गेली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. आता दत्तूनं निरोप धाडला, स्टुलावर येऊन बस. नामदेव भडकला. मला यहूदा करून चर्चात टांगतो का, म्हणाला.

नाताळ तोंडावर आला. बारा तोंडं तयार, एक कोरं. पाळकसाहेब रोज चकरा मारून हवालदिल झाले. शेवटी मीच दत्तूला म्हटलं, इतकी वर्षं पाहिलंयस त्याला, आठवून काढ की.

तो समोरच्या दुकानाकडं बघत राहिला.

‘गुर्जी, डोळे झाकून काढतो त्याला. कपाळावरच्या वणासकट. पण मंग तो कशाला येईल इथं?’

मला एकही शंका सुचली नाही. दत्तूनं ब्रश रॉकेलात बुडवले, स्टूल फडक्यानं पुसलं आणि रस्त्यावरून दिसेल असं दारात ठेवलं.