नाना आणि देशाची गंगाजळी

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी आमच्या फाटकाची कडी वाजली की समजावं, नाना आले. इस्त्रीचा सदरा, पायांत पॉलिश केलेली चप्पल, आणि चेहरा बारावीचा निकाल लागायचा असावा तसा. मी बँकेतून येऊन पर्स खाली ठेवते न ठेवते तोच प्रश्न, "ताई, आकडा वना का?"

आला का म्हणून विचारतात तो आकडा मटक्याचा नव्हे, हे आधीच सांगते. कॉलनीतल्या नव्या भाडेकरूंचा तसा समज होतो आणि ते नानांना बाजूला घेऊन हळूच टीप मागतात. नानांना हवी असते देशाची गंगाजळी. परदेशी चलन किती, सोनं किती, गेल्या आठवड्यापेक्षा वाढलं की घटलं. दर शुक्रवारी संध्याकाळी ते जाहीर होतं. मी जळगावातल्या एका बँकेत साधी कॅशियर, पण देशाच्या तिजोरीची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते अशी नानांची पक्की समजूत. "मोबाइलवर बघा की नाना," म्हटलं तर म्हणतात, "मोबाइल काही बी सांगस. तुम्ही बँकना माणूस."

नाना मूळचे नरडाण्याकडचे. नोकरी झाली वरणगावला, सरकारी भांडारात. साठा किती यापेक्षा तो किती दिवस पुरेल, हे बघण्यात जन्म गेला. एकदा मी शहाणपणा करून सांगितलं, की देशाच्या हातातल्या डॉलरांवर किती महिने बाहेरून माल आणता येईल, तेही मोजतात. झालं! तेव्हापासून नाना जगाला एकच प्रश्न विचारतात, "किती महिनाना दम शे?" गॅसच्या टाकीला विचारतात, तूरडाळीच्या डब्याला विचारतात. शेजारच्या मुलीला स्थळ आलं, तर त्या मुलाच्या वडिलांनाही विचारलं.

मागच्या हिवाळ्यात कॉलनीत भरिताची पार्टी होती. नानांनी ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरींची चळत मोजली आणि पंगत बसायच्या आत जाहीर केलं, "दुसरी पंगतले दम नही!" जे निवांत दुसऱ्या पंगतीला बसणार होते, तेही पहिल्या पंगतीत घुसले. एरवी दोनच भाकरी खाणाऱ्यांनी चार-चार ताटात ओढून ठेवल्या. मग काय, खरंच संपल्या. नाना समाधानानं म्हणाले, "मी सांगेल नव्हतं?" यजमानीणबाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

सोन्याच्या बाबतीत तर विचारूच नका. एक्क्याण्णव साली देशाचं सोनं गहाण टाकायला विमानानं बाहेर गेलं, ते नानांच्या जिव्हारी लागलेलं. हल्ली बाहेर ठेवलेलं बरंचसं सोनं परत आणल्याची बातमी आली, तेव्हा या माणसानं कॉलनीभर पेढे वाटले. मी म्हटलं, "अहो, तिकडेही ते आपलंच होतं ना?"

"आपलंच. पन परका घरमा. हात लावता येस का?"

नाना घरात एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक योगेश आखातात क्रेन चालवतो, दर महिन्याला पैसे पाठवतो.

खरं सांगते, मला कंटाळा यायचा. भाजी निवडत असले की मोबाइल न बघताच "वाढला हो नाना!" म्हणून मोकळी व्हायचे. नाना खूश होऊन जायचे.

यंदा आखातात लढाई पेटली. विमानतळ बंद, योगेशचा फोन तीन दिवस लागेना. नाना बुधवारी आले, गुरुवारीही आले. शुक्रवारी पायरीवर बसूनच राहिले. या वेळी मी आकडा नीट पाहिला. चांगलाच घटला होता. सांगितलं, तर म्हातारा पांढराफटक पडला.

"अहो नाना, रुपया सावरायला डॉलर विकले असतील. त्याचा योगेशशी काय संबंध?"

"ताई, देशना डॉलर कोठून येतस? त्यामा मना पोऱ्याना बी चार दाणा पडतस. आकडा वाढना की मी समजस, पोऱ्या कामवर गया, जेवना, बरा शे."

"मग इतकी वर्षं त्यालाच विचारायचं ना!"

"फोनवर तो 'बरा शे' असंच म्हनस. आकडा खोटं नही बोलत."

कितीतरी शुक्रवार मी या माणसाला त्याच्या पोराची खोटी खुशाली सांगितली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी नाना धावतच आले. कानाला नीट ऐकू येत नाही, म्हणून फोन माझ्या हातात दिला. मी स्पीकर लावला. योगेशचा आवाज खोल गेलेला. "नाना, साइट बंद पडली. काम नही. आते पैसा धाडता येवाव नही. काय करू? येऊ का परत?"

मला वाटलं, आता विचारणार, किती महिनाना दम शे. नानांनी फोनला दोन्ही हात लावले.

"ये. देशनी गंगाजळी घटू दे. बठ्ठी सारी घटू दे. तू घर ये, भो."

विमानं सुरू झाल्यावर योगेश आला, तोही शुक्रवारीच. त्या शुक्रवारी पाच वाजून गेले, सव्वापाच झाले, कडी काही वाजली नाही. मलाच चैन पडेना. आकडा बघून मी नानांच्या ओट्यावर गेले. खाटेवर योगेश चपलेसकट आडवा होऊन गाढ झोपला होता. नाना पायथ्याशी बसले होते, अंगात घरातलं चुरगळलेलं बनियन. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"नाना, घटला," मी हळूच सांगितलं.

नानांनी नुसती मान हलवली. त्यांचा हात योगेशच्या पायावर होता, तो त्यांनी काढला नाही.