लाडू नसलेली पुस्तकं

आमचे नाना मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात आधी लाडू शोधत. लाडू सापडला की पुस्तक नापास! जिलेबी, पेढा, खिरीची वाटी, काहीच चालायचं नाही. एका सुंदर पुस्तकात अगदी शेवटी कोल्ह्याच्या हातात करंजी निघाली, तर विंचू निघावा तसं नानांनी ते बाजूला सारलं.

धुळ्याला आमच्या पेठेत लहानसं वाचनालय होतं. नाना तिथले ग्रंथपाल, मी त्यांच्या हाताखाली पुस्तकं देणारा-घेणारा. दर रविवारी सकाळी नाना पोरांना चित्रं दाखवत गोष्ट वाचायचे. आणि काय वाचायचे हो! वाघ आला की पलीकडे वर्तमानपत्र चाळणारे वकीलसुद्धा पाय वर घ्यायचे. असा वाचणारा उभ्या खानदेशात नव्हता, हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

पण पुस्तक निवडायचं म्हणजे डोक्याला ताप. शनिवारी ढीग घेऊन बसायचो.

"नाना, हे घ्या. हत्तीची वरात आहे."

"वरातमा जेवन शे का?"

"वरात म्हटल्यावर असणारच की."

"मंग तठेच ठेव."

एकदा मी वैतागलो. "अहो, कागदावरच्या लाडवानं कुणाचं काय बिघडतं?"

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोरेसले लाडू दखाडाना, आन् उपाशी घर धाडाना? हाई पाप शे, भाऊ."

लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर, आणि येणारी निम्मी पोरं गिरणीच्या चाळीतली, नुसत्या कोऱ्या चहावर आलेली. हातातलं पुस्तक मी परत कपाटात ठेवलं.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे तेलगिरणीवाले शेठ. त्यांनी एकदा मुंबईहून झकास रंगीत पुस्तक आणलं, सिंहाच्या लग्नाचं. मधली दोन पानं नुसती पंगत!

"नाना, रविवारी हेच वाचायचं. घरी नातवाचं जावळ आहे, पाहुण्यांना घेऊन येतो."

"शेठ, दुसरं वाचतो."

"मग मी वाचायला दुसरा माणूस बघतो!"

 नानांची बायको जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रविवार गेला असता तर त्यांच्याकडे उरलं काय असतं?

रविवारी नानांनी मुकाट्यानं तेच पुस्तक उघडलं. वाकले बिचारे, असं मला वाटलं. सिंह नटला, कोल्ह्यानं सनई धरली, पोरं खुदुखुदु हसली. मग पंगतीचं पान आलं. लाडवांच्या राशीच राशी! पोरं आवंढे गिळायला लागली. नानांनी पान तसंच उघडं धरलं आणि शेठकडे वळून म्हणाले,

"शेठ, पंगत बसनी. आते वाढा."

 पाहुणे शेठकडे बघतायत, शेठ नानांकडे. शेठचा चेहरा लालबुंद. मी मनातल्या मनात नानांची नोकरी पुरून टाकली. आणि अहो, एकदम शेठ खो खो हसत सुटले!

"भलतेच बेरकी आहात, नाना!" म्हणत त्यांनी गड्याला घरी पिटाळलं. जावळाच्या लाडवांची परात आली आणि शेठनी धोतर खोचून स्वतः वाढलं. आमच्या नानांनी अध्यक्षांना वाढपी केलं! अभिमानानं माझी छाती अशी फुगली म्हणता.

इतक्यात एका चिमुरडीनं आपला लाडू मोडला आणि अर्धा नानांच्या तळहातावर ठेवला. "तुम्ही बी खा ना, आबा."

नाना त्या तुकड्याकडे बघतच राहिले. त्यांना आजवर कुणी आबा म्हटलं नव्हतं.

"वाचा की पुढं," शेठ पोरांमध्ये बसकण मारत म्हणाले.  पण नानांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि त्या पोरीशेजारी मांडी घालून बसले. तोंडात लाडू, डोळ्यांत पाणी.

मी घसा खाकरला आणि सिंहाचं लग्न पुढे लावलं.