सरांची उलटी चाळणी

मी ज्या सरांकडे पोळ्या करते, ते कोणाच्या तोंडाकडे बघत नाहीत. माणसं कानानं ओळखतात. दूधवाल्याला सायकलच्या कडकडीवरून, शेजारणीला खोकल्यावरून आणि मला बांगड्यांवरून. मी दारात पोचायच्या आधीच, फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, “सुनंदा, दोन मिनिटं लेट.”

सर इंजिनीअरिंग कॉलेजातून रिटायर झालेले. आता घरीच पोरांना आवाज गाळायची सर्किटं शिकवतात. एकदा सांगत होते, “हा फिल्टर जाडा आवाज जाऊ देतो, बारीक अडवतो.” मी चौथी शिकलेली. पीठ चाळता चाळता माझ्या तोंडून निघून गेलं, की माझी चाळणी तर बरोबर उलटं करते. सरांनी खडूच खाली ठेवला. मग फळ्यावर चाळणी काढली. बारीक आवाज सोडणाऱ्या फिल्टरला तेव्हापासून त्या घरात ‘सुनंदाची चाळणी’ म्हणतात. पोरं वहीतही तसंच लिहितात.

संक्रांतीनंतर मात्र सर बदलले. लेट म्हणणं बंद. मी गेले की स्वतः चहा ठेवायचे. काटोलची संत्री माझ्या पिशवीत घालायचे. एकदा म्हणाले, “धीर सोडू नको वं.” कशाचा, ते विचारायची मला लाज वाटली.

दर नव्या बॅचला सर कानाची परीक्षा घेतात. मशीनचं बटण फिरवलं की आवाज शिट्टीसारखा बारीक होत जातो. ऐकू येईल तोवर हात वर ठेवायचा. आपला हात पोरांच्या बरोबरीनं टिकतो, याचा सरांना भारी गर्व. बटणही तेच फिरवायचे. यावेळी एका पोरीनं हौसेनं फिरवलं. सरांचा हात सगळ्यात आधी खाली आला. पोरांचे सगळे वरच. मला स्वयंपाकघराच्या दारातूनही डासासारखं ऐकू येत होतं.

कोणी हसलं नाही. सरांनी शिकवणी लवकर सोडली आणि आत आले.

“बांगड्या वाजव.”

मी हात हलवले. डझनभर बांगड्या खळखळल्या. सर तसेच उभे. मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

“तुहा नवरा?”

“मिहानच्या कंपनीत गेले, ड्युटीवर. काहून, सर?”

सर स्टुलावर बसले.

“मले वाटलं, गेला. बांगड्या वाजत नव्हत्या. विचारू कसं?” त्यांनी चष्मा पुसला. “सहा महिने त्याचं दुःख करून राहिलो मी. अन् चाळणी माह्याच कानात बसली होती. तुह्या चाळणीच्या उलटी.”

मी कोणाशी मोठ्यानं बोलत नाही. पण आता जिन्यातूनच ओरडते, “सर, मी आली.”

आतून पाठमोरं उत्तर येतं, “दोन मिनिटं लेट.”

चहा मात्र अजूनही तेच ठेवतात.