साळिंदराचा अकरावा चिंचोका

या, मुलांनो, जवळ या. मांडी घालून बसा आणि नाकातलं बोट काढा. आज शहाण्यांची गोष्ट आहे.

एका जंगलात, बरं का, चेंडूचं भारी वेड शिरलं होतं. सुगरण पक्ष्यांनी वेलींचा चेंडू विणून दिला होता. गवे, रानडुकरं, सांबरं, अस्वलं, सगळ्यांचे संघ होते. बाकीच्यांना खेळता येत नव्हतं. त्यांनी सांगायचं, की कोण जिंकणार. ज्याला खेळता येत नाही त्याला खेळातलं सगळं कळतं, हे तुम्हाला घरी बसूनही ठाऊक असेल.

सिंहमहाराजांनी मोठं बक्षीस लावलं होतं. टेकडीवरची कोरडी गुहा. जो सगळ्या सामन्यांचे विजेते बरोबर ओळखेल, गुहा त्याची.

आता गंमत ऐका. महाराजही ओळखायचे. आणि महाराज ज्या संघाचं नाव घेत, तोच संघ जिंके. पंच वानर होता. वानराला फळं आवडत आणि जीवही आवडे. दोन सामने झाले, तीन झाले, मग प्राण्यांना अक्कल आली. महाराज ज्याचं नाव घेतील त्याचंच नाव सगळे घेऊ लागले. त्यामुळे हंगाम संपत आला तेव्हा निम्मं जंगल पहिलं आलं होतं.

"आता गुहा कोणाला?" प्राण्यांनी विचारलं.

वानराने नियम सांगितला. "शेवटच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून किती गोल होतील, ते सांगायचं. जेवढे गोल, तेवढे चिंचोके आपापल्या करवंटीत टाकायचे. वर पान बांधायचं. ज्याचा आकडा सर्वांत जवळ, तो जिंकला."

पहिल्या आलेल्यांत एक साळिंदर होता. नरहरपंत त्याचं नाव. त्याचं बीळ ओढ्याच्या काठी होतं. दर पावसाळ्यात बिळात पाणी शिरे आणि पिल्लं खोकत. म्हणून त्याच्या बायकोला, आवडाबाईला, ती गुहा हवी होती. नरहरपंतांनाही हवी होती. पण त्याहून जास्त त्यांना हवं होतं, की सगळ्यांनी म्हणावं, 'काय डोकं आहे!'

जंगलात धवलशास्त्री नावाचा एक बगळा होता. एका पायावर उभा राहायचा, म्हणून विद्वान. तो म्हणाला, "गवे आणि डुकरं भिडली, की गोल चार. जास्तीत जास्त पाच."

झालं. चार आणि पाच चिंचोके टाकायला झुंबड उडाली.

नरहरपंत घरी आले आणि काटे फुलवून बसले.

"अगं, ऐकलंस? सगळे चारावर नाही तर पाचावर बसलेत. मी सहा टाकले, तर सहाच्या वर जे काही होईल ते सगळं माझं! गोल किती होणार, हे बघायचंच नाही. बाकीचे कुठे बसलेत, ते बघायचं. त्यांच्या पलीकडे आपण बसायचं."

"अहो, मग टाका की सहा," आवडाबाई म्हणाली. "आणि कोणाला सांगू नका."

सांगणार नाहीत? मुलांनो, कोंबडीला अंडं घातल्यावर गप्प बसता येईल, पण शहाण्याला युक्ती सुचल्यावर येत नाही. सकाळीच पंत पाणवठ्यावर गेले. तिथे चितळ भेटलं. पंतांनी त्याला युक्ती समजावली. नुसती युक्ती हो, आकडा नाही! चितळ मान हलवत गेलं आणि आपल्या करवंटीत सहा चिंचोके टाकून आलं.

पंतांना ते कळलं. त्यांनी सात ठरवले. मग चितळ कसं फसलं, हे ते भेकराला सांगायला गेले. भेकराने सात टाकले. पंतांनी आठ ठरवले आणि तरसाला गाठलं. तरस हसलं आणि आठ टाकून आलं. मग अस्वलीण, मग रानमांजर. पंत पुढे, पंतांची व्याख्यानं पुढे आणि चिंचोके त्यांच्याही पुढे. दिवस कलला तेव्हा सगळ्यांच्या पलीकडे बसायचं तर अकरा टाकावे लागणार होते. या जंगलात एका सामन्यात अकरा गोल कोणी स्वप्नातही पाहिले नव्हते.

पंतांनी अकरा टाकले.

"महाराजांनी किती टाकले?" आवडाबाईने विचारलं.

"त्यांना काय कळतं त्यातलं?" पंत म्हणाले. "शास्त्र आहे ते. पंजाने होत नाही."

सामन्याच्या दिवशी सगळं जंगल माळावर लोटलं. कोण जिंकतं याच्याशी आता कोणालाच देणंघेणं नव्हतं. चार गोल झाले तसे चारवाले ओरडू लागले, "अडवा रे! आता गोल नको!" वरच्या आकड्यांचे ओरडत होते, "मारा! कोणीही मारा! स्वतःच्याच जाळ्यात मारा!" गवे बिचारे खेळायचं सोडून प्रेक्षकांकडे बघत राहिले.

वेळ संपली. गोल चारच. धवलशास्त्र्याने दुसरा पायही खाली टेकला, इतका त्याला आनंद झाला. "शास्त्र!" तो म्हणाला. पंतांचे काटे मिटले. बाजूला आवडाबाईने खोकणाऱ्या पिल्लाला पोटाशी घेतलं.

तेवढ्यात महाराजांनी बोट हलवलं. वानर धावला. महाराज त्याच्या कानात काही बोलले. वानर परत आला आणि मोठ्याने म्हणाला, "खेळ संपलेला नाही! उजेड आहे तोवर खेळायचं!"

पुन्हा चेंडू सुटला. पण आता महाराज स्वतः मैदानात उतरले होते. कोणत्या संघाकडून? दोन्ही. महाराजांनी पंजा मारला. गोल अडवायला उभा असलेला गवा अदबीने बाजूला सरला. पाच. महाराज वळले. दुसऱ्या टोकाच्या डुकराने तर चेंडूला वाट दाखवली. सहा.

"सात!" पंत उठून उभे राहिले. "आठ! अगं, बघतेस ना? मी म्हणत नव्हतो? मोठा आकडाच येणार होता! हे गणित आहे, गणित!"

"गणित नव्हे हो, महाराज आहेत ते," आवडाबाई म्हणाली.

पंतांना ऐकू गेलं नाही. नऊ झाले. दहा झाले. महाराजांनी जांभई दिली आणि अकरावा मारला. चेंडू जाळ्यात पोचायच्या आतच वानराने गोलाची आणि खेळ संपल्याचीही शिट्टी फुंकली.

पंत नाचले. मुलांनो, साळिंदर नाचतो तेव्हा शेजाऱ्यांना काटे टोचतात. तरी सगळ्यांनी सोसलं, कारण जिंकणाऱ्याचे काटे टोचत नाहीत.

मग करवंट्या उघडल्या. धवलशास्त्र्याचे चार. सगळे हसले. चितळाचे सहा, भेकराचे सात, तरसाचे आठ. असं करत करत नरहरपंतांची करवंटी आली. वानराने पान सोडलं. एक, दोन, तीन... अकरा!

"काय डोकं आहे!" कोणीतरी ओरडलं. पंतांनी डोळे मिटले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते शब्द आज कानावर आले होते.

"शेवटची करवंटी महाराजांची," वानर म्हणाला.

पान सोडलं. वानर मोजू लागला आणि मोजता मोजता त्याचा आवाज बारीक होत गेला. अकरा.

सगळ्यांनी माना वळवून पंतांकडे पाहिलं.

"बरोबरी झाली, महाराज," वानर कसाबसा म्हणाला.

"बरोबरी?" सिंहाने हळूच विचारलं. "माझ्याशी?"

नरहरपंतांनी डोळे उघडले. महाराज त्यांच्याकडेच बघत होते. रागाने नाही हो. भूक लागल्यावर बघतात ना, तसे. पंतांनी आवडाबाईकडे पाहिलं. ती पिल्लांना घेऊन दोन पावलं मागे सरली होती. दर पावसाळ्यात बिळात शिरणारं पाणी आता त्यांना फार गोड वाटू लागलं.

"महाराज, थांबा," पंत म्हणाले. "वानराने घाईत मोजलं. मी मोजतो."

ते आपल्या करवंटीवर वाकले. इतके वाकले की तोंड आत गेलं. एक चिंचोका त्यांनी उचलला आणि न चावता गिळला. डोळ्यांत पाणी आलं. मग वर बघून ते म्हणाले, "दहाच आहेत, महाराज. माझं गणित कच्चं आहे."

वानराने पुन्हा मोजले. दहाच होते.

महाराज प्रसन्न झाले. "प्राणी प्रामाणिक आहे," ते म्हणाले. गुहा महाराजांनी महाराजांना दिली. ती आधीही त्यांचीच होती.

जंगल टाळ्या वाजवून थकलं आणि मग पंतांकडे वळलं. "एका गोलाने हुकलं, बाई!" अस्वलीण म्हणाली. तरस पोट धरून हसलं. धवलशास्त्र्याने तर पुन्हा एक पाय वर घेतला आणि समजावलं, "दहा ही नवशिक्याची चूक. शास्त्र वाचलं असतं, तर अकरा आलेच असते." स्वतः चार टाकले होते, हे कोणाला आठवलं नाही. त्यालाही नाही.

पंत घरी आले. बिळात ओल होती. पिल्लं झोपली तेव्हा आवडाबाईने विचारलं, "अहो, मला तरी सांगा. खरे किती टाकले होते तुम्ही?"

नरहरपंतांनी बिळाच्या तोंडाशी जाऊन बाहेर पाहिलं. कोणी नव्हतं. तरी ते परत आले आणि म्हणाले, "दहा."

तात्पर्य : ज्याचं उत्तर चुकतं त्याला जंगल नुसतं हसतं. ज्याचं बरोबर येतं त्याला जंगल विचारतं, 'कोणाला विचारून आणलंस?' म्हणून मुलांनो, भरपूर अभ्यास करा, खूप हुशार व्हा, आणि मोजून एकाने चुकायला शिका.