आजोबांचा सूर

पियानोचा पहिला सूर वाजला, छडीमास्तरांच्या युवा वाद्यवृंदानं त्यात आपला सूर मिसळला आणि सभागृहाच्या छपरातली कबुतरं उडून गेली. रखवालदार सांगतो, ती अजून परतलेली नाहीत.

"थांबा, थांबा!" मास्तरांनी छडी आपटली. "पियानो चढलाय."

"पियानो सकाळीच लावून घेतलाय, बाबा," पियानोवर बसलेली त्यांची मुलगी म्हणाली.

पन्नासएक पोरांनी वाद्यं पुन्हा उचलली. मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. पियानो एका मजल्यावर, वाद्यवृंद त्याच्या खालच्या. मुलीनं मेलेल्या माणसाचे डोळे मिटावेत तसं पियानोचं झाकण हलकेच मिटलं आणि ती निघून गेली. तिनं काहीतरी बोलायला हवं होतं. निदान 'मी सांगितलं नव्हतं?' एवढं तरी.

कारण तिनं सांगितलं होतं. चौदा वर्षांची असताना.

त्याचं असं झालं. हा वाद्यवृंद जन्मला फळांच्या शीतगृहामागच्या खोलीत. मास्तर दिवसा तिथे मुकादम, संध्याकाळी संगीतकार. सुरुवातीला पोरं मूठभर, आणि वाद्यं लावायला सूर द्यायचा कुणी? पण भिंतीपलीकडे थंडीचं यंत्र घुमायचं, एकसारखं, न थकता. मास्तरांनी पडताळून पाहिलं, सूर बिनचूक होता. पोरांनी यंत्राचं नाव 'आजोबा' ठेवलं. तेव्हापासून रिवाज पडला. कार्यक्रम कुठेही असो, वाद्यं आजोबांच्या सुराला लावायची, मग बसमध्ये बसायचं आणि वाटेत खुंटीला बोट लावायचं नाही.

वाद्यवृंद वाढला. साऱ्या प्रदेशातून पोरं येऊ लागली. खोली मात्र तेवढीच. ट्रॉम्बोनवाल्याला खिडकीशी बसवत, म्हणजे त्याला नळी बाहेर काढता येई. त्या नळीनं एकदा रस्त्यानं जाणाऱ्या पोस्टमनची टोपी उडवली होती. हे पदरचं नाही, खुद्द पोस्टमननंच सांगितलंय.

पण आजोबा म्हातारे होत होते. त्यांचा सूर सालोसाल केसभर उतरत होता, आणि त्यांच्यामागून सगळा वाद्यवृंद. तारा ढिल्या करायला काय लागतं? क्लॅरिनेट आणि बासऱ्या अडून बसल्या, तेव्हा वाद्यं दुरुस्त करणाऱ्यानं त्यांच्या सांध्यांत पितळी कडी घालून त्या लांब करून दिल्या. "थंडीनं आखडल्या असतील बिचाऱ्या," तो म्हणाला. ऐकणाऱ्यांना कारण कळत नसे, पण जीव खाली खाली जाई. हळूहळू झाडून सगळ्या शोकसभांची आमंत्रणं यायला लागली. लोक म्हणत, "दुःख वाजवावं तर यांनीच." एकदाच लग्नात वाजवलं, तर वरपक्षसुद्धा हुंदके देऊन रडला. मास्तर याला आपली शैली म्हणत.

मुलगी तेव्हा मागच्या रांगेत त्रिकोण वाजवायची. तो लोखंडी, दोरीला टांगलेला, टिंग करणारा. कान मात्र सुरीसारखा.

"बाबा, आपण सगळेच उतरलोय."

"सगळ्यांचे कान फुटले आणि तुझा एकटीचा शाबूत? चालती हो!"

बोलायची गोष्ट, पण पोर खरंच चालती झाली. मावशीकडे राहिली, शिकली, नावाजलेली पियानोवादक झाली. जाताना सूर जुळवायचा आपला पोलादी ट्युनिंग फोर्क टेबलावर ठेवून गेली. मास्तरांनी तो कपाटात टाकला, तो तिथेच राहिला. आता वाद्यवृंदाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ती वाजवायला आली होती, तीही आईनं गळ घातल्यामुळे. आणि पहिल्याच तालमीत कबुतरं उडाली.

"कुठे गेलीय ती?" घरी आल्यावर मास्तरांनी बायकोला विचारलं.

"मला काय सांगतेय? तुमचीच मुलगी. उद्याच्या तालमीला येणार नाही म्हणाली. परवा थेट कार्यक्रमाला येईन, बाबांना म्हणावं काळजी करू नका."

"म्हणजे येणार नाही."

"अहो, येईन म्हणालीय! एकदा 'चुकलो' म्हणा ना तिला. जीभ झडणार नाही."

"जिभेला सवय नाही."

बायको भांडी आपटत आत गेली. मास्तरांनी कपाट उघडलं, फोर्क काढला, गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. तो वाजायचा थांबला तरी ते तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेकॅनिकला आजोबांपुढे उभं केलं.

"मास्तर, पट्टा लोंबतोय नुसता. कधी आवळलाच नाही?"

"आवळ आता." मास्तरांनी फोर्क कानाशी धरला. "अजून. अजून थोडा. बस!"

आजोबा तरण्याबांड आवाजात गाऊ लागले. शीतगृहातली फळं गोठून दगड झाली, पण फळांची कुणाला पडली होती? पोरांनी तारा ताणल्या, काही तटातट तुटल्या. दुरुस्तीवाल्यानं पुटपुटत पितळी कडी काढली.

"सर," एक व्हायोलिनवाली घाबरत म्हणाली, "आपण आनंदी वाजतोय. चालेल का?"

"उद्यापुरतं सहन करा."

कार्यक्रमाच्या दिवशी पोरं आजोबांपाशी वाद्यं लावून, खुंटीला बोट न लावता थेट मंचावर आली. मुलगीही आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बापाकडे बघून हसली. मास्तरही हसले. दोघांच्या पोटात एकेक गुपित. छडी खाली आली.

कबुतरं आधीच गेली होती म्हणून बरं. आता वाद्यवृंद वरच्या मजल्यावर आणि पियानो खालच्या.

मास्तर पियानोवर वाकले. "काय केलंस तू?"

"पियानो उतरवून घेतला. लावणाऱ्याला अख्खा दिवस लागला. तुमच्यासाठी! तुम्ही काय केलंत?"

"आजोबांचा पट्टा आवळला. तुझ्यासाठी. तुझ्याच फोर्कवर."

"तो ठेवलात अजून?"

"चुकलो," मास्तर म्हणाले. इतकं हळू, की दुसऱ्या कुणाला ऐकूच गेलं नसतं.

पहिल्या रांगेत एक गृहस्थ रडायच्या तयारीनं रुमाल काढून बसले होते, ते गोंधळले. मुलगी उठली. तिनं पियानोचं झाकण मिटलं आणि ती मागच्या रांगेत गेली. तिथे एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर त्रिकोण. ती गेल्यापासून मास्तरांनी तो कुणाला दिला नव्हता. त्रिकोण बरा. चढत नाही, उतरत नाही.

मास्तरांनी पियानोविनाच पुन्हा सुरुवात केली. त्या रचनेत त्रिकोणाचा ठोका एकच, अगदी शेवटी. मास्तरांनी खूण केली. मुलीला ती दिसली नाही, डोळे भरले होते. एरवी अशा चुकीला छडी उडत गेली असती. आज मास्तरांनी ती वरच धरली. सगळा वाद्यवृंद शेवटच्या सुरावर ताटकळला. बासऱ्यांचा श्वास संपला, ट्रॉम्बोनवाला जांभळा पडला, पण मास्तरांचा हात खाली येईना.

टिंग.

कार्यक्रमानंतर ते गृहस्थ कोरड्या रुमालाची घडी करत आले. "मास्तर, राग मानू नका, पण पूर्वीसारखं दुःख राहिलं नाही हो तुमच्यात."

मास्तरांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. मुलगी त्रिकोण पुसून जागच्या जागी ठेवत होती. सकाळी ती परत जाणार होती.

"येईल परत," मास्तर म्हणाले. "पट्टा ढिला होतोच."